कुणबिणीचा हिशेब

पुण्यात बुधवार पेठेच्या तोंडाशी फरासखाना नावाचे पोलीस ठाणे आहे. नाताळच्या कपड्यांसाठी लक्ष्मी रस्त्याकडे निघालेली आपली कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच्यासमोरून जातात. रिक्षावाल्याला नुसते ‘फरासखाना’ म्हटले की पुरते. त्या नावाचा अर्थ मात्र फारसा कुणी विचारीत नाही. फरासखाना म्हणजे राहुट्या, तंबू, कनाती, जाजमे आणि पडदे यांचा सरकारी कारखाना. पेशव्यांचे राज्य १८१८ साली बुडाले, शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. पण हा एक कारखाना, नावापुरता का होईना, पोलिसांच्या पाटीवर शिल्लक राहिला.

‘कारखाना’ या शब्दाने आज आपल्यापुढे पिंपरी-चिंचवड उभे राहते. भोंगा, पाळी, हजेरीपट. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांची चूल त्या भोंग्यावर पेटली. मराठेशाहीत कारखाना म्हणजे सरकारचे एक खाते. तिथे वस्तू साठवली जाई, तयार होई, दुरुस्त होई, आणि तिचा हिशेब ठेवला जाई. परंपरेने असे अठरा कारखाने सांगतात. अंबारखान्यात धान्य, दारूखान्यात तोफा-बंदुकांची दारू, पीलखान्यात हत्ती, उष्ट्रखान्यात उंट, जामदारखान्यात वस्त्रे, फरासखान्यात तंबू. पुणे हे या अर्थाने यंत्रयुगाच्या आधीच कारखान्यांचे शहर झाले होते. फक्त यंत्राच्या जागी तिथे हात होते. मला लिहायचे आहे ते त्या हातांविषयी. आणि त्यांतही अशा हातांविषयी, ज्यांना वेतन नव्हते आणि काम सोडून जाण्याची मुभाही नव्हती.

कागदपत्रांत त्यांना ‘कुणबिणी’ म्हटले आहे.

या शब्दाने फसू नये. कुणबी म्हणजे शेतकरी आणि कुणबीण म्हणजे त्याच्या घरची बाई, हा अर्थ सरळच आहे. परंतु अठराव्या शतकातील मोडी कागदांत ‘कुणबीण’ हा शब्द बहुधा विकत घेतलेली, बक्षीस मिळालेली किंवा सरकारने ठेवलेली दासी या अर्थाने येतो. ‘बटीक’ हा तिचाच दुसरा शब्द. तो आता अग्रलेखांतल्या ‘सत्तेची बटीक’ एवढ्यापुरता उरला आहे, आणि लिहिणाऱ्याला वा वाचणाऱ्याला त्यामागची बाई दिसत नाही. पुरुष गुलामही होते. पण पेशव्यांच्या मुलुखातील गुलामगिरी प्रामुख्याने स्त्रियांची होती, ही गोष्ट हिरोशी फुकाझावा या जपानी संशोधकापासून सुमित गुहा यांच्यापर्यंत अनेक अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. त्याआधी वाडांनी रोजनिशीतील उतारे काढून ठेवले होते. या सर्व छापील पानांत कुणबीण भेटते ती मोहिमांच्या रसभरीत पत्रांत क्वचितच. ती भेटते हुकमांत, निवाड्यांत आणि जमाखर्चाच्या ओळींत. आपण तिच्याकडे तसेच पाहू: हिशेबाच्या बाजूने.

पहिला प्रश्न पुरवठ्याचा. कुणबिणी येत कोठून? काही युद्धात पकडून आणलेल्या असत. काही व्यापारी तांड्यांबरोबर परमुलुखातून येत आणि गुराढोरांप्रमाणे विकल्या जात. या विक्रीवर सरकारचा कर असे. दुष्काळात आईबापच पोर विकून दोन महिन्यांचे धान्य घेत. कुणबिणीच्या पोटची मुले तर जन्मतःच मालकाची. आणि पाचवा मार्ग होता न्यायाचा. बदकर्म, म्हणजे व्यभिचार, केल्याच्या आरोपावरून पकडलेल्या ब्राह्मणेतर जातींतील स्त्रीला शिक्षा म्हणून कुणबीण करीत आणि एखाद्या किल्ल्यावर वा सरकारी कारखान्यात कामाला धाडीत. ब्राह्मण स्त्रीच्या बाबतीत शिक्षेचे स्वरूप वेगळे असे. तिला बहिष्कार, हद्दपारी वा कैद. दास्य सहसा नाही. गुन्हा एक, परंतु जिच्या हातांना कामाची सवय आहे तिच्यापासून सरकारला काम मिळावे, असा हा व्यवहार होता.

पुण्याच्या कोतवालाची चावडी या व्यवस्थेची एक कळ होती. घाशीराम कोतवाल १७९१ साली लोकांच्या दगडांखाली मेला हे सर्वांना ठाऊक आहे, नाटकामुळे तर जरा जास्तच. पण कोतवालीच्या उत्पन्नात बदकर्माच्या दंडाचा वाटा मोठा असे, हे नाटक पाहून घरी जाताना कोणी मनावर घेत नाही. जिच्यामागे दंड भरणारे कोणी नसे, तिचा देहच दंडात जाई. नैतिकतेची राखण आणि मजुरांची भरती एकाच चावडीवर होत होती. चावडीवरच्या सगळ्या खटल्यांमागे हाच हेतू होता असे मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा आपल्यापाशी नाही. पण ज्या न्यायाधीशाच्या शिक्षेतून त्याच्याच सरकारला फुकट मनुष्यबळ मिळते, त्या न्यायाधीशाचा निवाडा जरा दोनदा वाचावा.

आता कामाकडे वळू. सरकारी कुणबिणी कोठीत होत्या, पागेत होत्या, गुरांच्या गोठ्यांत होत्या, इमारतींच्या कामावर होत्या, दारूखान्यात होत्या, आणि किल्ल्याकिल्ल्यांवर होत्या. कोठी म्हणजे केवळ धान्याचे कोठार नव्हे. शनिवारवाड्यात रोज जेवणाऱ्या शेकडो माणसांचे, श्रावणातल्या दक्षिणेसाठी येणाऱ्या ब्राह्मणांच्या पंगतींचे, स्वारीवर निघणाऱ्या फौजेच्या शिध्याचे दाणे तिथे निवडले, कांडले आणि दळले जात. पाणचक्की नाही, वाफेचे यंत्र नाही. हातातले जाते आणि मुसळ, एवढीच साधने. आपल्यापैकी ज्यांच्या आजीच्या घरी जाते होते, त्यांना पहाटेची ती घरघर आठवत असेल. घरापुरते दोन-चार शेर दळण करताना बाईच्या खांद्याला काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याने सरकारी कोठीच्या दळणाचा अंदाज करावा. पागेत शेण काढणे, चंदी भिजवणे, जमीन सारवणे. इमारतीवर चुना-माती वाहणे. दारूखान्यातले काम याहून वाईट. सोरा, गंधक आणि कोळसा हे तीन जिन्नस बारीक करून, चाळून, मिसळून दारू होते. कोळशाची भुकटी नाकातोंडात जाते, आणि एक ठिणगी सगळ्यांचा हिशेब एकदमच चुकता करते.

या कामाच्या बदल्यात तिला काय मिळे? पोटाला शिधा, वर्षाकाठी लुगडे, आणि निजायला कारखान्याच्याच आवारातली जागा. इथे पुष्कळ लेखक थांबतात आणि म्हणतात, पाहा, आमच्याकडची गुलामगिरी सौम्य होती. घरच्या माणसासारखे ठेवीत. म्हातारपणी सोडूनही देत. सोडून देत हे खरे आहे. काम होईनासे झालेल्या वृद्ध कुणबिणीला मोकळे केल्याचे दाखले आहेत, आणि आपल्या जागी दुसरी कुणबीण आणून दिल्यावर पहिलीला सोडल्याचेही. पण हा दयेचा हिशेब की शिध्याचा? जिचा शिधा तिच्या कामापेक्षा महाग पडू लागला, तिला स्वातंत्र्य देणे खतावणीच्या सोयीचेच होते. आणि बदली आणून देण्याची अट पाहिली की चित्र स्पष्ट होते. सरकारला हवी होती ती बाई नव्हे, सरकारला हवी होती ती जागा भरलेली.

मला या विषयात अडवणारा प्रश्न निराळाच आहे. कुणबीण फुकट नव्हती. किंमत मोजली असेल तर ती, शिवाय शिधा, लुगडे, आजारपण, पहारा. पळून गेली तर शोध करणाऱ्या प्यादाचा खर्च. उलट पुण्याच्या पेठांत रोजाने काम करणाऱ्या बायका मिळत होत्या, आणि त्यांची मजुरीसुद्धा पोटापुरतीच असे. मग पोटापुरतेच देऊन, वर पहाऱ्याचा खर्च सोसून, बाई बांधून ठेवण्यात फायदा कोणता? अॅडम स्मिथने १७७६ साली लिहून ठेवले होते की गुलामाचे काम दिसायला स्वस्त, पण शेवटी सर्वांत महाग. कारण ज्याला स्वतःचे काही मिळवता येत नाही तो शक्य तेवढे खाणार आणि शक्य तेवढे कमी काम करणार. स्मिथचा हिशेब खरा असेल, तर नाना फडणिसांसारखा पैपैचा हिशेब पाहणारा कारभारी या भानगडीत पडलाच कसा?

याचे उत्तर, माझ्या मते, कुणबिणीपाशी नाही, कुणब्यापाशी आहे.

अठराव्या शतकातील दख्खनेत जमीन मुबलक होती आणि माणसे कमी. लढाया आणि दुष्काळ यांनी गावे ओस पडत, आणि ओस गाव म्हणजे बुडालेला महसूल. म्हणून सरकार कुळांना कौल देई, ‘या, जमीन कसा, पहिली काही वर्षे सारा हलका घेऊ’. मग वर्षागणिक सारा चढत जाई, त्याला इस्तावा म्हणत. मिरासदार वतनाला चिकटून राही, पण उपरी कुळाला त्रास झाला की ते बायकापोरांसह रात्रीतून शेजारच्या परगण्यात जाई, आणि तिथला कमाविसदार त्याला आनंदाने ठेवून घेई. पाटलाने फार छळले तर गाव उठून जाईल, ही भीती त्या काळच्या पत्रव्यवहारात पुनःपुन्हा दिसते. गरीब कुणब्याच्या हाती दुसरे काही नव्हते. उठून जाणे हे एकच शस्त्र होते. थोरल्या माधवरावांनी वेठीला आळा घालणारे हुकूम काढले, त्यामागे त्यांची न्यायबुद्धी होती हे मी मान्य करतो. पण रयत परागंदा होऊ नये ही काळजीही होती.

त्यात भर ऋतूची. दसऱ्याला सीमोल्लंघन होई आणि फौजा बाहेर पडत. म्हणजे तंबू, चंदी, शिधा आणि दारू या सर्वांची निकड एकदम लागे ती दसऱ्याच्या आगेमागे. आणि खरिपाची सुगीही त्याच दिवसांत. ज्या आठवड्यात सरकारच्या कोठीला सर्वांत अधिक हात हवे, त्याच आठवड्यात कुणब्याच्या शेताला आणि खळ्यालाही तेच हात हवे. रोजंदारीची बाई त्या वेळी मिळेल की नाही, कोणत्या दराने मिळेल आणि उद्या पुन्हा येईल की नाही, याची खात्री नाही. कुणबीण मात्र आहेच. तिला सुगी नाही, माहेर नाही, सण नाही. मजुरीतले दोन पैसे वाचवण्यासाठी सरकारने तिला घेतले नव्हते. सरकारने विकत घेतले होते ते तिचे जाऊ न शकणे.

एव्हसी डोमार या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली रशियाच्या भूदासांविषयी लिहिताना अशीच मांडणी केली होती. जमीन पुष्कळ, माणसे थोडी आणि सत्तेच्या हाती बळ, अशी स्थिती असेल तर मजुरी वाढण्याऐवजी बेडी येते. कुणबी हा त्या काळचा सर्वांत सहज उठून जाणारा माणूस. आणि जिला अजिबात जाता येत नाही तिला नाव पडले त्याच जातीचे. यात जातीचेही गणित आहे. वाड्यात वा ब्राह्मणाच्या घरात पाणी भरायला, दाणे कांडायला हात चालले पाहिजेत, म्हणजे ते स्पृश्य जातीचे हवेत. म्हणून विकणारा प्रत्येक मुलीला कुणब्याची म्हणूनच विके. ती पुढे अस्पृश्य जातीची निघाली तर घरमालकाला प्रायश्चित्त पडे. तिचे काय होई, हे कागदात लिहिण्याइतके महत्त्वाचे नसे.

इथपर्यंत वाचून आपल्या मनात एक सुप्त समाधान येऊ शकते, की हे सारे पेशव्यांचे. आपला त्याच्याशी काय संबंध? ते समाधान फार काळ टिकणार नाही. नाना पेठेतले आपले सिटी चर्च १७९२ सालचे. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील कॅथलिक अधिकारी आणि शिपाई यांच्या उपासनेसाठी ती जागा दिली. डॉम मिंगेल दे नोरोन्हा या सरदाराचे नाव त्या आठवणीशी जोडलेले आहे. पेशव्यांच्या तोफखान्यात पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती माणसे होती. पुण्यातील आपल्या समाजाचा पहिला धागा तोच. पहिल्या मिस्सेला गुडघे टेकणाऱ्या त्या गोलंदाजाच्या तोफेत जी दारू भरली जाई, ती कुटणाऱ्या हातांत कुणबिणींचेही हात होते.

आणि तो गोलंदाज ज्या गोव्याहून आला होता, तिथे काय होते? यान हाउखेन फान लिन्शोटेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी होता. तिथल्या मोठ्या रस्त्यावर रोज सकाळी माल मांडला जाई, आणि त्यात गुलाम स्त्री-पुरुषही असत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याने आणखी एक गोष्ट टिपली, जी अर्थशास्त्राच्या दृष्टीने फार बोलकी आहे. अनेक फिरंगी कुटुंबे स्वतः काहीच करीत नसत. ती आपल्या गुलामांना पाणी विकायला, मिठाई विकायला, शिवणकाम विकायला रस्त्यावर धाडीत आणि संध्याकाळी आलेल्या कमाईवर बसून खात. माणूस हे तिथे भांडवल होते, आणि त्याचे रोजचे व्याज घरी येई. धर्मसंघांच्या घरांतही गुलाम होते. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेने गुलाम कोणत्या कारणांनी ‘न्याय्य’ मानावा याचे नियम घातले. म्हणजे गैरप्रकारांना बांध घातला, पण बाजार उठवला नाही.

ख्रिस्तसभेचा या बाबतीतला इतिहास सरळ रेषेचा नाही, हे आपण प्रांजळपणे मान्य करावे. पाचव्या निकोलस यांनी १४५२ साली पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांना दास करण्याची मुभा दिली. तिसऱ्या पॉल यांनी १५३७ साली अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे स्वातंत्र्य हिरावणे निषिद्ध ठरवले. सोळाव्या ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट धिक्कार केला तो १८३९ साली, आणि तेराव्या लिओ यांचे ब्राझिलच्या महागुरूंना लिहिलेले परिपत्रक १८८८ चे. दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९९२ च्या फेब्रुवारीत सेनेगलजवळच्या गोरे बेटावर, जिथून गुलाम जहाजांत भरले जात, उभे राहून क्षमा मागितली. संत पौलाने ओनेसिमसविषयी फिलेमोनला जे पत्र लिहिले त्यात त्या पळालेल्या दासाचे देणे आपल्या खाती घेण्याची तयारी दाखवली होती. त्या हिशेबाची पुढची पाने भरायला इतकी शतके लागली.

आता थोडे अमेरिकेकडे पाहू, कारण गुलाम आणि कारखाना यांची गाठ तिथे अगदी उघडपणे पडलेली दिसते. दक्षिणेकडच्या संस्थानांत बहुसंख्य गुलाम कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांवर असत, पण सुमारे शेकडा पाच गुलाम खाणी, भट्ट्या, गिरण्या, तंबाखूचे कारखाने यांत होते. व्हर्जिनियातील रिचमंड शहरी ट्रेडेगर नावाचा लोखंडाचा मोठा कारखाना होता. त्याचा चालक जोसेफ अँडरसन याने गोऱ्या कारागिरांच्या हाताखाली काळ्या गुलामांना काम शिकवायला घेतले. आपली जागा जाणार हे ओळखून १८४७ साली गोऱ्या कामगारांनी संप केला. अँडरसनने संपवाल्यांना काढून टाकले आणि भट्टीवर गुलाम उभे केले. संप करू शकतो तो माणूस नकोच, हा त्या निर्णयाचा अर्थ. गुलाम बहुधा वर्षाच्या भाड्याने घेत. भाडे त्याच्या मालकाला. पण भट्टीचे काम जोखमीचे आणि कौशल्याचे. चाबकाच्या धाकाने माणूस ओझे उचलील, परंतु रागावलेला कारागीर एक घाण बिघडवून हजारोंचे नुकसान करील. म्हणून ठरलेल्या कामापेक्षा अधिक केले तर त्या अधिक कामाचे पैसे थेट गुलामाच्या हाती देण्याची रीत अशा कारखान्यांतून पडली. म्हणजे जिथे बुद्धी लागते तिथे गुलामगिरीलासुद्धा मजुरीचा आधार घ्यावा लागला. जाते ओढायला तो लागत नाही.

रॉबर्ट फोगेल आणि स्टॅन्ली एंगरमन यांनी १९७४ साली हिशेब मांडून दाखवले की अमेरिकेतील गुलामगिरी मालकांना चांगली फायद्याची होती आणि ती आपोआप मोडकळीस आलेली नव्हती. त्या पुस्तकावर रण माजले. फोगेलना पुढे १९९३ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. त्यांच्या आकड्यांवर वाद आहेत, परंतु गाभा मला पटतो. वाईट गोष्ट तोट्यात जाऊन मरेल, अशी वाट पाहण्यात अर्थ नसतो.

आपल्याकडे ती कशी मेली? इंग्रज आले म्हणून कुणबिणी दुसऱ्या दिवशी मोकळ्या झाल्या नाहीत. पंचवीस वर्षे नव्या सरकारने घरगुती रिवाजात हात घालायचे टाळले. मग १८४३ चा पाचवा कायदा आला. त्याची रचना मोठी विलक्षण आहे. ‘गुलामगिरी गुन्हा आहे’ असे तो म्हणतच नाही. तो एवढेच म्हणतो की माणूस ही मालमत्ता आहे या दाव्यावर कोणतेही न्यायालय हुकूम देणार नाही. म्हणजे कुणबीण उद्या उठून निघाली, तर तिला धरून आणायला सरकारचा प्यादा मिळणार नाही. बेडी तोडली नाही. बेडीची किल्ली ज्याच्या हाती होती तो हात फक्त काढून घेतला. आणि तेवढ्याने गुलामाची बाजारातली किंमत बसली. जे विकत घेतले होते ते जाऊ न शकणे होते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही. गुलामांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो भारतीय दंडसंहितेने, १८६२ पासून. पोर्तुगीज मुलुखात गुलामीचा दर्जा रद्द करणारा हुकूम १८६९ चा.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केले. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. मजूर कसा मिळतो, कशाने टिकतो, मुकादम त्याला कुठे अडवतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. ज्या शहरात कुणबिणींची आठवण अजून जिवंत असणार, त्या शहरात पुस्तकाला हेच नाव द्यावे हे त्यांनी उगाच केले नसावे.

प्यादा गेला तेव्हा त्याच्या जागी सावकाराची वही आली. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी तरुण लग्नासाठी खंडकऱ्याकडून वा जमीनदाराकडून पैसे घेई आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, नवराबायको दोघे त्याच्या घरी राबत. त्याला लग्नगडी म्हणत. वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध वारल्यांनी १९४५ साली जो उठाव केला त्याचे नेतृत्व शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी केले. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगार निषिद्ध केली, तरी वेठबिगार मुक्तीचा कायदा व्हायला १९७६ उजाडले. आणि त्यानंतरही, आपल्या वसईच्या शेजारी, विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना एकेका माणसाची सुटका झगडून करावी लागली. त्यांची श्रमजीवी संघटना १९८२ ची. वसईतील वाचकांना हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्याच १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा अर्थ लावला. भुकेने अगतिक होऊन किमान वेतनाहून कमी दरात काम करणे हीदेखील सक्तीच होय, असे न्यायमूर्ती भगवतींनी आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटले.

आजही दसरा झाला की बीडकडून पुणे जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांकडे ट्रक आणि ट्रॅक्टर भरून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे मुकादमाने आधी दिलेली उचल. या कामगारांना गुलाम म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ते हंगाम संपल्यावर घरी जातात, त्यांच्या संघटना आहेत, त्यांनी संप केले आहेत. पण कारखान्याला जे हंगामाआधीच विकत घ्यावेसे वाटते ते काय आहे, हे मात्र विचारण्यासारखे आहे.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहाचे बांधकाम चालू होते. वडील बांधकाम समितीवर होते. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर ते मला सायकलच्या नळीवर बसवून शहराबाहेरच्या वीटभट्टीवर घेऊन गेले. पावसाळा महिन्यावर आला होता आणि विटा वेळेत मिळतील की नाही याची त्यांना काळजी होती. भट्टीवर कातकरी कुटुंबे होती. माझ्याच वयाची एक मुलगी ओल्या विटा उलटून उन्हाला लावीत होती. वडिलांनी विचारले, ‘पाऊस आला आणि ही माणसं गावाला निघून गेली तर?’ भट्टीवाला हसला. म्हणाला, ‘जातात कुठं, साहेब? उचल फिटल्याशिवाय जाता येतं का?’ वडिलांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली. त्यांनी खिशातून पाकीट काढले आणि आगाऊ रक्कम मोजून दिली.

विटा वेळेवर आल्या. माझे लग्नाचे जेवण त्याच सभागृहात झाले. गेल्या वर्षी त्याला नवा रंग दिला, तेव्हा एका कोपऱ्यात गिलावा निघून आतली वीट दिसत होती. कंत्राटदाराने दुपारपर्यंत ती बुजवून टाकली.